हातात काय आहे ते बघा: रोमन चांदीचं नाणं वाचायला शिकताना

रोमन चांदीचं नाणं पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास चेहऱ्यात अडकतो. नाक, हनुवटी, डोक्यावरची पानं बघून पहिला प्रश्न येतो, "हा सीझर का?" बहुतेक वेळा नसतो. चेहरा कोणाचा हे ओळखायला चार दिवसांत जमतं, त्यात फार मजाही नाही. नाणं का पाडलं, कोणाला काय सांगायला पाडलं, हे मागच्या बाजूवर असतं आणि नवशिके नेमकी तीच बाजू उलटून ठेवून देतात. म्हणून या लेखात पायऱ्या सगळ्या दिल्या असल्या तरी निम्मा जीव पाचव्या पायरीत आहे. घाई असेल तर थेट तिथे उडी मारा, नंतर मागे या.

पहिली पायरी: कोणतं नाणं आहे ते वजनावरून ठरवा

रोमचं मुख्य चांदीचं नाणं म्हणजे दिनारिअस. हॅनिबलशी युद्ध चालू असताना, इसवी सनापूर्वी 211 च्या सुमारास ते सुरू झालं आणि पुढे साडेचारशे वर्षं चाललं. सुरुवातीला वजन साधारण साडेचार ग्रॅम होतं. थोड्याच वर्षांत ते 3.9 ग्रॅमच्या आसपास आलं आणि बराच काळ तिथेच टिकलं. इसवी सन 64 मध्ये नीरोनं वजन आणि कस दोन्ही उतरवले, तेव्हापासून 3.4 ग्रॅम किंवा त्याहून कमी. व्यास साधारण 17 ते 20 मिलिमीटर.

दोन दशांश स्थानांपर्यंत वजन दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा हे या छंदातलं पहिलं साधन. भिंग त्यानंतर.

नाणं थोडं मोठं असेल, पाच ग्रॅमच्या आसपास भरत असेल आणि राजाच्या डोक्यावर पानांऐवजी सूर्यकिरणांसारखे टोकदार काटे असतील, तर ते अँटोनिनिअनस. कॅराकॅलानं 215 मध्ये ते आणलं. ते दोन दिनारिअसच्या किमतीला चालवलं असावं असं मानतात, पण त्यात चांदी मात्र दीड नाण्याइतकीच होती. सरकारी हिशेबातली ही गंमत सामान्य माणसाला लवकर कळली असणार, कारण पुढच्या 50 वर्षांत या नाण्याचा कस इतका घसरला की 260 च्या दशकानंतरची नाणी म्हणजे जवळजवळ तांबंच, वरून चांदीचा नावापुरता मुलामा. डायोक्लीशननं 294 च्या सुमारास पुन्हा चांगल्या चांदीचं आर्जेंटिअस काढलं, पण ते दुर्मीळ आणि महाग. नवशिक्याला त्याची घाई नको.

किमतीचा अंदाज हवा तर एवढं लक्षात ठेवा: सोन्याचा एक ऑरिअस म्हणजे 25 दिनारिअस, एक दिनारिअस म्हणजे पितळी 4 सेस्टर्शियस. ऑगस्टसच्या काळात साध्या पायदळ सैनिकाचा वर्षाचा पगार 225 दिनारिअस होता. चांदीच्या नाण्यावरची चित्रं मुख्यतः कोणाच्या हातात जाणार होती, हे या आकड्यावरून कळतं. पुढे चित्रं बघताना हा सैनिक डोळ्यांसमोर असू द्या.

दुसरी पायरी: उजेड एका बाजूनं घ्या

डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली झिजलेलं नाणं सपाट दिसतं. टेबललॅम्प एका बाजूला, खाली ठेवा, म्हणजे उजेड तिरका पडेल. मग नाणं सावकाश फिरवा. अक्षरांच्या सावल्या पडायला लागल्या की गायब वाटणारा अर्धा मजकूर परत येतो. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरे. नाणं नेहमी कडेला धरायचं, बोटं चित्रावर नकोत आणि खाली मऊ कापड हवं. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते, फरशीवर पडली तर तिचे सरळ दोन तुकडे होऊ शकतात.

चित्र मध्यभागी नाही, एका बाजूची अक्षरं चकतीबाहेर गेलीत, हे दिसलं तर निराश होऊ नका. ही नाणी हातानं पाडलेली आहेत. एक ठसा ऐरणीत पक्का बसवलेला, त्यावर तापवलेली चकती, वर दुसरा ठसा हातात धरलेला आणि त्यावर घणाचा घाव. हातातल्या ठशावर थेट मार बसायचा म्हणून तो लवकर झिजायचा आणि बदलावा लागायचा. घाव जरा तिरका बसला की चित्र सरकलं. कधीकधी आधीचं नाणं ठशात अडकून राहायचं, मग पुढच्या चकतीवर एका बाजूला चेहरा उठावदार आणि दुसऱ्या बाजूला तोच चेहरा खोलगट, उलटा. ही टांकसाळीतली चूक, पण आज संग्राहक अशा नाण्यासाठी धडपडतात.

तिसरी पायरी: अक्षरं वाचा, शब्द शोधू नका

साम्राज्यकाळातल्या नाण्यावर मजकूर बहुधा घड्याळात सात वाजतात त्या जागेपासून सुरू होतो आणि काट्याच्या दिशेनं कडेकडेनं फिरतो. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि जवळजवळ सगळं संक्षेपात असतं. 'यू' हे अक्षर नाही, त्याच्या जागी 'व्ही' कोरलेला असतो, त्यामुळे ऑगस्टस हा किताब 'ए-व्ही-जी' असा दिसतो.

सात-आठ संक्षेप पाठ केले की तीन चतुर्थांश काम झालं. 'आय-एम-पी' म्हणजे इम्पेरातोर, विजयी सेनापती, पुढे सम्राट. 'सी-ए-ई-एस' म्हणजे सीझर. सुरुवातीला ते घराण्याचं नाव होतं, नंतर ते पद झालं, बहुधा वारसाचं. 'पी-एम' म्हणजे मुख्य पुरोहित. 'सी-ओ-एस' म्हणजे कॉन्सल, रोमचं वर्षभराचं सर्वोच्च पद, त्यापुढचा रोमन आकडा कितव्यांदा ते सांगतो. 'पी-पी' म्हणजे राष्ट्रपिता. 'टी-आर-पी' वाचून मालिकांची आठवण येईल, पण तो लोकप्रतिनिधीचा अधिकार, जो सम्राटाला दरवर्षी नव्यानं मिळायचा. म्हणून त्यापुढे आकडा असेल तर नाण्याचं वर्षच हाती लागतं. 'डी-आय-व्ही' ही अक्षरं नावाआधी असतील तर ती व्यक्ती मेलेली आहे आणि सिनेटनं तिला देव ठरवलं आहे. नावानंतर 'एफ' असेल तर त्याचा मुलगा. ऑगस्टसच्या नाण्यावर 'दिवी एफ' येतं, म्हणजे देवाचा पुत्र. तो देव म्हणजे ज्युलिअस सीझर, ज्यानं त्याला दत्तक घेतलं होतं.

प्रजासत्ताकाच्या, म्हणजे सम्राटांच्या आधीच्या काळातली नाणी हे नियम पाळत नाहीत. तिथे मजकूर उभा, आडवा, घोड्यांच्या पायांखाली, कुठेही सापडतो आणि दोन-तीन अक्षरं एकमेकांत गुंतवलेली असतात.

चौथी पायरी: डोकं बघा, पण फार रेंगाळू नका

लॉरेलच्या पानांची माळ म्हणजे सम्राट. सूर्यकिरणांचा मुकुट म्हणजे वर सांगितलेलं दुप्पट किमतीचं नाणं. उघडं डोकं बहुधा वारस असलेल्या तरुणाचं. सम्राज्ञीच्या खांद्यांखाली चंद्रकोर दिसली तर तेही दुप्पट किमतीचं नाणं, फक्त बायकांसाठीची खूण वेगळी. डोक्यावरून पदर घेतलेली बाई असेल तर ती बहुधा मरणोत्तर देवी झालेली.

दाढीचा उपयोग होतो. हेड्रियननं (117 ते 138) भरघोस दाढी राखली आणि त्याच्यानंतर शंभरेक वर्षं सम्राटांमध्ये ती चालली. त्याआधीचे बहुतेक सफाचट. बायकांच्या बाबतीत केशरचना बघायची: सम्राज्ञी ज्युलिया डोम्नाच्या केसांचे जाड, आडवे पट्टे एकदा पाहिले की पुन्हा मजकूर वाचावा लागत नाही.

पाचवी पायरी: नाणं उलटा आणि हातात काय आहे ते बघा

इथे मराठी वाचकाची तयारी आधीपासून आहे. देवळातली मूर्ती आपण चेहऱ्यावरून ओळखत नाही, हातातल्या आयुधांवरून आणि पायाशी असलेल्या वाहनावरून ओळखतो. शंख-चक्र दिसलं की विष्णू, मोदक आणि उंदीर दिसला की गणपती. रोमन नाण्याची मागची बाजू अगदी याच रीतीनं वाचायची. तिथे उभी असलेली बाई कोण, हे तिच्या तोंडावरून कधीच कळणार नाही. सगळ्या सारख्याच दिसतात, सगळ्यांची वस्त्रंही सारखीच.

उजवा हात, डावा हात, पायाशी काय, या क्रमानं बघा. तराजू आणि फळाफुलांनी भरलेलं शिंग असेल तर एक्विटास, म्हणजे रास्त व्यवहार, किंवा मोनेता, म्हणजे टांकसाळीची देवता. या दोघी इतक्या सारख्या की बाजूची अक्षरं वाचल्याशिवाय सांगता येत नाही. तेच शिंग पण दुसऱ्या हातात नावेचं सुकाणू असेल तर फोर्तुना, नशीब. ऑलिव्हची फांदी म्हणजे पाक्स, शांतता. दोन साप गुंडाळलेली काठी म्हणजे फेलिसितास, भरभराट. वाडग्यातून सापाला भरवत असेल तर सालुस, आरोग्य. एका हातात फूल आणि दुसऱ्या हातानं वस्त्राची कड किंचित उचललेली असेल तर स्पेस, आशा. ती बहुधा वारसाच्या नाण्यावर येते, कारण आशा त्याच्याकडूनच असायची. कणसं आणि धान्याचं माप दिसलं तर अनोना, रोमला होणारा धान्यपुरवठा. खांबाला टेकून निवांत उभी असेल तर सेकुरितास, निर्धास्तपणा. पंख असतील तर काही विचारायलाच नको, ती विक्टोरिया, विजय, हातात पानांचं कडं आणि ताडाची फांदी.

देव ओळखणं त्याहून सोपं. वज्र ज्युपिटरचं, गदा आणि सिंहाचं कातडं हर्क्युलिसचं, मोर जूनोचा, वीणेसारखं वाद्य अपोलोचं. शिरस्त्राण, भाला आणि ढाल घेतलेली स्त्री म्हणजे मिनर्व्हा. डोमिशननं (81 ते 96) तर चांदीच्या नाण्यांवर मिनर्व्हाचाच सपाटा लावला: भाला उगारलेली, वज्र घेतलेली, घुबडासोबत, नुसती उभी.

पण आता थांबून विचारा: ही देवता याच वेळी का आली? दोन फौजा एकमेकींवर उठलेल्या असतात तेव्हा सैन्याच्या 'एकोप्या'ची देवता नाण्यावर येते आणि हात मिळवलेले दोन पंजे दिसायला लागतात. धान्याची ओरड होण्याची भीती असते तेव्हा अनोना कणसं घेऊन उभी राहते. नाणं जे मोठ्यानं सांगतं त्याचीच त्या वेळी चिंता होती, असं धरून चालल्यास फार कमी वेळा चुकाल. निर्धास्तपणाची देवता तर मी नेहमी संशयानंच बघतो. जो खरंच निर्धास्त आहे तो ते नाण्यावर छापत बसत नाही.

हरलेल्यांची चित्रं वेगळी काढून बघा. शत्रूची चिलखतं आणि ढाली टांगलेला खांब, त्याच्या पायथ्याशी गुडघ्यांवर डोकं टेकून बसलेली बाई. व्हेस्पेशियनच्या नाण्यावर तिच्याखाली 'युडेया' लिहिलंय, म्हणजे ज्यूंचा देश, जिथे 70 मध्ये जेरुसलेम पडलं. ट्राजनच्या नाण्यांवर तशीच बसकण डाकियन कैद्याची, म्हणजे आजच्या रोमानियातल्या माणसाची. याउलट हेड्रियननं प्रांतोप्रांती प्रवास केला आणि त्या प्रांतांना नाण्यावर मानानं बसवलं: हिस्पानिया ऑलिव्हची फांदी घेऊन रेललेली, पायाशी ससा, आफ्रिकेच्या डोक्यावर हत्तीच्या कातड्याचं शिरोवस्त्र. प्रांताला रडत बसवणारी आणि प्रांताला टेकून बसवणारी ही नाणी शेजारी ठेवली की दोन राजवटींमधला फरक व्याख्यानाशिवाय समजतो.

सहावी पायरी: सम्राटांच्या आधीची नाणी वेगळ्या डोळ्यांनी बघा

प्रजासत्ताकाच्या काळात नाणी पाडण्याचं काम दरवर्षी नेमलेल्या तरुण अधिकाऱ्यांकडे असायचं, बहुधा तिघांकडे. पहिल्या दिनारिअसवर पुढे शिरस्त्राण घातलेली रोमा आणि मागे घोडे उधळत निघालेले कास्तोर-पोलुक्स हे जुळे भाऊ, डोक्यांवर एकेक तारा. पुढे दोन घोड्यांचे, चार घोड्यांचे रथ आले. शंभरेक वर्षांनी मात्र या तरुणांच्या लक्षात आलं की नाण्यासारखी फुकटची जाहिरात दुसरी नाही. मग प्रत्येकानं आपापल्या घराण्याचे पूर्वज, त्यांनी जिंकलेली युद्धं, बांधलेली देवळं कोरायला सुरुवात केली. पुढे राजकारण करायचं तर आडनाव लोकांच्या खिशात असलेलं बरं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ब्रूटस, पुढे सीझरच्या खुनात सामील झालेला. इसवी सनापूर्वी 54 मध्ये तो टांकसाळीचा अधिकारी होता. त्यानं काढलेल्या एका नाण्यावर पुढे लिबेर्तास, स्वातंत्र्याची देवता, आणि मागे त्याचा पूर्वज, रोमचा शेवटचा राजा हाकलून पहिला कॉन्सल झालेला ब्रूटस, शिपायांच्या मधोमध चालत निघालेला. म्हणजे खुनाच्या दहा वर्षं आधीच हा गृहस्थ काय बोलत होता ते चांदीत लिहिलेलं आहे.

इसवी सनापूर्वी 49 मध्ये सीझर रुबिकॉन नदी ओलांडून रोमवर चालून आला आणि त्यानं सैन्याच्या पगारासाठी प्रचंड संख्येनं नाणी पाडली. पुढे हत्ती पायाखाली सापासारखं काहीतरी तुडवतोय, खाली फक्त 'सीझर'. मागे पळी, शिंपडणी, कुऱ्हाड आणि पुरोहिताची टोपी, कारण तो मुख्य पुरोहित होता. चेहरा नाही. चेहरा आला इसवी सनापूर्वी 44 च्या सुरुवातीला, आणि लवकरच त्याच्या शेजारी 'तहहयात हुकूमशहा' अशी अक्षरं आली. रोमच्या टांकसाळीतून जिवंत रोमन माणसाचं डोकं नाण्यावर येण्याची ही पहिली वेळ. मार्चमध्ये त्याचा खून झाला.

आणि मग ब्रूटसचं दुसरं नाणं. सैन्यासोबत फिरत असताना, इसवी सनापूर्वी 42 च्या सुमारास काढलेलं. मागे दोन खंजीर, मध्ये गुलामाला मुक्त करताना घालतात ती टोपी, खाली 'ईद मार', म्हणजे मार्चचा मध्य, खुनाची तारीख. खुनाचं स्मारक नाण्यावर काढणारा दुसरा माणूस मला आठवत नाही. पण उलटून बघा: पुढे ब्रूटसचं स्वतःचंच डोकं. हुकूमशहाचा ज्या गोष्टीसाठी राग आला त्यातलीच एक गोष्ट स्वतः करताना त्याला काही वाटलं नाही.

हे नाणं तुम्हाला परवडणार नाही. मलाही नाही. पण मार्क अँटनीची सैन्यदलांची नाणी (इसवी सनापूर्वी 32-31) परवडतील: पुढे वल्ह्यांचं जहाज, मागे दोन निशाणांमध्ये गरुड आणि दलाचा क्रमांक. त्यात चांदी जरा हलकी होती म्हणून लोक ती वितळवत नसत, चालवून टाकत. त्यामुळे ती दीर्घकाळ फिरली आणि बहुतेक गुळगुळीत झालेली मिळतात. दलाचा आकडा वाचता आला तर नशीब समजा.

प्रजासत्ताकाच्या काळातल्या काही नाण्यांच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की जर्मन टोळ्यांना जुनी, ओळखीची, दातेरी किंवा दोन घोड्यांच्या रथाची नाणीच हवी असत. सीमेपलीकडचा माणूस चित्र बघून कस ओळखत होता.

सातवी पायरी: अक्षरं आणि चित्र एकत्र आणून वर्ष काढा

एक उदाहरण पूर्ण करू. पुढे सफाचट, लॉरेलची माळ घातलेला माणूस आणि मजकूर: 'इम्प त्रायानो आउग गेर दाक', पुढे 'पी-एम', 'टी-आर-पी'. मागे उभी स्त्री, हातात फांदी, पायाशी छोटासा उंट. मजकूर: 'सी-ओ-एस', त्यापुढे 'व्ही', मग 'पी-पी', मग 'एस-पी-क्यू-आर' आणि 'ओप्तिमो प्रिंक'. तळाशी 'आराब आद्क'.

पुढची बाजू: सम्राट ट्राजन, जर्मनांवर आणि डाकियनांवर विजय मिळवलेला. नाव 'त्रायानुस' नसून 'त्रायानो' आहे, म्हणजे चतुर्थी विभक्ती: सिनेट आणि रोमन जनता हे नाणं 'सर्वोत्तम राज्यकर्त्या ट्राजनला' अर्पण करतात अशी भाषा. 'टी-आर-पी'पुढे आकडाच नाही, तेव्हा वर्ष तिथून मिळत नाही. 'सी-ओ-एस' पुढचा 'व्ही' म्हणजे पाचव्यांदा कॉन्सल. तो पाचव्यांदा झाला 103 मध्ये आणि सहाव्यांदा 112 मध्ये, म्हणून नाणं 103 ते 111 मधलं.

आता चित्र. उंट आणि 'आराब आद्क', म्हणजे अरेबिया मिळाली. आजच्या जॉर्डनच्या भागातलं नबातियन राज्य रोमनं 106 मध्ये घेतलं, तेव्हा नाणं 106 च्या आधीचं असूच शकत नाही. अक्षरांनी नऊ वर्षांचा काळ दिला होता, उंटानं त्यातली तीन वर्षं छाटली. आणि पाचव्या पायरीतला प्रश्न इथेही विचारा: ही बाई रडत का बसलेली नाही? डाकिया दोन भीषण युद्धांनंतर पडला, अरेबियासाठी तसं मोठं युद्ध झाल्याचं दिसत नाही. शब्दसुद्धा 'जिंकली' असा न वापरता 'मिळाली' असा वापरला आहे. टांकसाळीतला माणूस शब्द मोजून वापरत होता.

आठवी पायरी: सूचीत नाणं शोधा

एवढं वाचता आलं की सूची उघडा, त्याआधी नको. सम्राटांच्या नाण्यांना 'आरआयसी' क्रमांक असतो आणि प्रजासत्ताकाच्या नाण्यांना क्रॉफर्ड क्रमांक. जाड ग्रंथ विकत घ्यायची गरज नाही. अमेरिकन न्यूमिझमॅटिक सोसायटीच्या 'ओसीआरई' आणि 'सीआरआरओ' या सूची इंटरनेटवर फुकट आहेत. सम्राटाचं नाव, धातू, देवता आणि मजकुरातली चार अक्षरं टाकली की फोटोंसकट जुळणारी नाणी समोर येतात.

नववी पायरी: खरं-खोटं

जुनी खोटी आणि नवी खोटी यांत फरक आहे. आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा असलेलं नाणं रोमन काळातच कोणीतरी लबाडीनं केलेलं असतं. पत्रा फाटलेल्या जागी हिरवट तांबं दिसतं आणि वजन कमी भरतं. ते बनावट, पण प्राचीन बनावट, आणि संग्रहात त्याला जागा असते. अशा लबाडीच्या भीतीनं त्या काळचे सराफ नाण्यावर बारीक ठोकून बघायचे, त्या खुणा आजही दिसतात. आपल्याकडच्या प्राचीन आहत, म्हणजे ठसे ठोकून केलेल्या नाण्यांवरच्या छोट्या खुणा पाहिलेल्यांना त्या लगेच ओळखू येतील.

नव्या खोट्यांसाठी आधी कड बघा. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेवर जोडाची रेघ असते किंवा ती घासून काढल्याच्या खुणा असतात. भिंगातून पृष्ठभागावर गोल बुडबुड्यांचे खड्डे दिसतात आणि अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ वाटतात. घणानं पाडलेल्या नाण्यात अक्षराची कड धारदार असते आणि धातू बाहेरच्या दिशेनं वाहिल्यासारखा दिसतो, कडेला बारीक चिराही पडलेल्या असतात. दोन नाणी हुबेहूब सारखी, अगदी सरकलेलं चित्र आणि ओरखडासुद्धा त्याच जागी, तर दोन्हींपैकी एक तरी खोटं, बहुधा दोन्ही.

जर्मनीतला कार्ल बेकर (1772 ते 1830) नवे ठसे स्वतः कोरायचा. नवं चकचकीत नाणं जुनं दिसावं म्हणून तो लोखंडाच्या किसाच्या डब्यात नाणी घालून डबा घोडागाडीच्या आसाला बांधायचा, असं सांगतात. आज त्याची खोटी नाणीही लोक जमवतात.

दहावी पायरी: भारतात सापडणारी रोमन चांदी

दक्षिण भारतात, विशेषतः कोइम्बतूरच्या परिसरात आणि कृष्णेच्या खोऱ्यात, दिनारिअसचे निधी सापडलेत. त्यांत दोनच प्रकारांची गर्दी असते, ते पाठ करून ठेवा. पहिला ऑगस्टसचा: मागे दोन तरुण, त्यांच्यामध्ये ढाली आणि भाले. हे त्याचे नातू गायस आणि लुसिअस, ज्यांना त्यानं मुलगे म्हणून दत्तक घेतलं आणि जे दोघेही त्याच्याआधी वारले. दुसरा टायबेरिअसचा: मागे खुर्चीवर बसलेली स्त्री, एका हातात फांदी, मजकूर 'पोंतिफ माक्सिम'. नीरोनं कस उतरवण्याआधीची ही चांगली चांदी इथल्या व्यापाऱ्यांना पसंत होती. काही नाण्यांवरची अक्षरं नुसत्या रेघोट्या झालेली असतात. ती इथेच केलेली अनुकरणं, लॅटिन न येणाऱ्या कारागिराच्या हातची.

पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी यानं तक्रार केली आहे की भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्शियस ओढून नेतो, म्हणजे सव्वा कोटी दिनारिअस. आकडा किती खरा हा वादाचा विषय, पण वैताग खरा वाटतो. त्यानंच श्रीलंकेच्या राजाची एक गोष्ट दिली आहे. वाऱ्यानं भरकटून आलेल्या रोमन माणसाकडची नाणी राजानं पाहिली. चेहरे वेगवेगळे, म्हणजे वेगवेगळ्या राजांनी पाडलेली, तरी वजन सारखं. राजाला त्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं. नाणं वजनावरून बघायची आपली पहिली पायरी त्यानं बरोबर ओळखली होती.

महाराष्ट्रातला धागा थोडा वेगळा आहे. कल्याण, पैठण आणि तेर ही गावं पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत येतात. तेर, कोंडापूरसारख्या दख्खनी ठिकाणी रोमन नाण्यांच्या नकला चक्क मातीच्या केलेल्या सापडल्या, अडकवायला कडी असलेल्या, गळ्यात घालायच्या. आणि राजाचा चेहरा असलेली चांदी आपल्याकडेही होती: नाशिकजवळच्या जोगळटेंभी इथे 1906 मध्ये नहपानाची 13 हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यातल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारून घेतलेला आहे, हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावरच. रोमन नाण्यांवरून सुरुवात केलेल्यानं ही नाणी जरूर बघावीत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचं दालन आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे आणि रोमन नाण्यांसाठी चेन्नईचं सरकारी संग्रहालय.

अकरावी पायरी: विकत घेताना आणि ठेवताना

पहिलं नाणं अँटोनिनस पायस, सेप्टिमिअस सेव्हेरस किंवा तिसरा गॉर्डियन यांपैकी कोणाचं तरी घ्या. ती भरपूर मिळतात, देवता स्पष्ट असतात, आणि चूक झाली तरी खिशाला भोक पडत नाही. सीझर, ब्रूटस, क्लिओपात्रा ही नावं स्वस्तात दाखवणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून पुढे जा.

नाणं आधी कोणाकडे होतं याचा कागद मागा. ईद मारचं सोन्याचं एक नाणं 2020 मध्ये लंडनच्या लिलावात विक्रमी किमतीला गेलं. मागचा इतिहास खोटा असल्याचं उघड झाल्यावर 2023 मध्ये ते ग्रीसला परत द्यावं लागलं. भारतात कोणी "शेतात नांगरताना सापडलं" म्हणून नाणी दाखवली तर हात लावू नका. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तू ठरतं, ते स्वतःच्या मर्जीनं देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणूनही नाही.

घरी आणल्यावर घासू नका. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, काहीही नको. देवघरातली चांदी चकचकीत असते तशी ही असायची नाही. वरचा करडा थर ही तिची कातडी आहे, ती गेली की किंमतही जाते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवलं तर काही वर्षांत हिरवट चिकटा येतो, त्याऐवजी आम्ल नसलेल्या कागदाची पाकिटं किंवा कडक प्लास्टिकच्या डब्या घ्या. पाकिटावर पेन्सिलीनं वजन, व्यास, दोन्ही बाजूंचा मजकूर, हातात काय आणि पायाशी काय, सूचीतला क्रमांक, कोणाकडून आणि कधी घेतलं, एवढं लिहा. वाचता न आलेल्या अक्षराच्या जागी टिंब ठेवा, अंदाजानं अक्षर भरू नका.